समुद्र न पाहिलेली लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. मी ज्या उपनगरात राहते ते समुद्राच्या अगदी काठावर आहे. आमच्या इमारतीतून बाहेर पडले, समोरच्या हॉटेलाला वळसा घातला आणि रस्ता ओलांडला की लाटा पायाशी येतात, असे लोक म्हणतात. लोक म्हणतात असे मी म्हणते, कारण मी स्वतः समुद्र कधी पाहिलेला नाही. माझे सगळे आयुष्य एका उभ्या पोकळीत गेले आणि तिच्या भिंतींना एकही खिडकी नाही. समुद्र मात्र माझ्याकडे रोज येत असे. तो चपलांना चिकटून येई, ओल्या टॉवेलांतून ठिबके, मुलांच्या केसांतून गळे. मी बंद पडले तेव्हा समुद्रानेच मला खाल्ले असे सगळ्यांनी ठरवून टाकले. ते खरे नाही. खरे काय ते कुणाला तरी कळावे, म्हणून हे सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दिवसभर ठिणग्या उडत आणि एकमेकांशी ओरडूनच बोलावे लागे. पोलादी पत्रे वाकवून माझ्या भिंती केल्या, आत एक आरसा लावला, छताला छोटा पंखा बसवला आणि पुढे घडीचा जाळीचा दरवाजा दिला. फरशीवर जाड रबरी चटई चिकटवली. फरशीच्या खाली, म्हणजे माझ्या पोटाला, एक लोखंडी चौकट आहे आणि त्या चौकटीत दोन जबडे आहेत. दोर तुटला किंवा मी भलत्याच वेगाने खाली निघाले, तर हे जबडे दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट धरतात आणि मला जागच्या जागी थांबवतात. जिवाला जीव देणारे ते दोघेच माझे खरे सोबती. त्यांना तेवढे लक्षात ठेवा. आरसा आणि पंखा विसरलात तरी चालेल.

मला इथे आणले तेव्हा इमारतीला ओल्या रंगाचा वास येत होता. 'समुद्र तुमच्या खिडकीत' अशी जाहिरात झाली होती म्हणे. शहरातल्या धुराला आणि गोंगाटाला कंटाळलेली माणसे खोकी, गाद्या आणि कपाटे घेऊन आली. प्रत्येकाने माझ्या आरशात स्वतःकडे बघून एकदा तरी हसून घेतले. आपण आता समुद्राजवळ राहतो, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

समुद्राजवळ राहणे म्हणजे काय ते त्यांना हळूहळू कळले, आणि त्यांच्या तक्रारींमधून मला कळले. सकाळचे वर्तमानपत्र दुपारपर्यंत लिबलिबीत होते. बिस्किटांचा डबा उघडला की बिस्किटे मऊ पडतात. कुलपे गंजतात आणि किल्ली आतच तुटते. वाळत घातलेले कपडे वाळतात, पण अंगाला चिकटायचे थांबत नाहीत. सुट्टीच्या दिवसांत शहरातून माणसांचा लोंढा येतो आणि रहिवाशांना आपल्याच गल्लीत गाडी लावायला जागा उरत नाही. सुट्टी संपली की रबरी चेंडू आणि प्लास्टिकची फावडी विकणारी दुकाने शटर ओढून घेतात, आणि मग औषधाच्या दुकानाशिवाय कुठे दिवा दिसत नाही. तेव्हा इथे इतके सामसूम होते की जिन्यावर कुणी शिंकले तर चारही मजल्यांना कळते.

पहिल्या वर्षी सगळे रोज संध्याकाळी समुद्रावर जात. दुसऱ्या वर्षी रविवारी जाऊ लागले. पुढे पाहुणे आले तरच जायचे, असे होऊन बसले. माझ्या फरशीवर किती वाळू पडते यावरून मला हे अचूक समजे. मग समोर ते सात मजल्यांचे हॉटेल उभे राहिले आणि समुद्र सगळ्यांच्या खिडक्यांतून निघून गेला. लोक चार दिवस हळहळले आणि मग त्यांनी पडदे लावून घेतले. समुद्राच्या काठावर राहून वर्ष वर्ष समुद्र न बघणारी माणसे मी रोज वर-खाली नेली आहेत. माझे ठीक आहे, मला खिडकी नाही. त्यांना काय झाले होते?

अशा वेळी चौथ्या मजल्यावर एक नवरा-बायको राहायला आले. दोघेच होते, मूलबाळ नव्हते. काकांनी सगळी नोकरी बंदरावर क्रेन चालवण्यात काढली होती. उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून ते जहाजांतले ओझे उचलायचे. पहिल्या दिवशी माझ्यात पाऊल टाकल्यावर त्यांनी आरशात पाहिले नाही. त्यांनी माझ्या भिंतीवर तळहात ठेवला, मान तिरकी करून वरच्या दोराचा आवाज ऐकला आणि बायकोला म्हणाले, "तब्येत ठणठणीत आहे हिची." इतक्या वर्षांत माझी विचारपूस करणारे ते पहिलेच. मी त्या दिवशी किती हलक्या पायाने वर गेले म्हणून सांगू.

ती दोघे रोज समुद्रावर जात. आता वाळू फक्त त्यांचीच असे. एक-दोन वर्षे अशी छान गेली, आणि मग एका सकाळी काकांना उचलून खाली नेले. दवाखान्यातून परत आले तेव्हा त्यांचे उजवे अंग लुळे पडले होते आणि बोलणे जवळजवळ गेले होते. येताना ते चाकांच्या खुर्चीत होते. खुर्ची माझ्यात जेमतेम मावायची. पाय ठेवायची पट्टी काढून ठेवावी लागे, आणि काकू भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन उभ्या राहत.

दिवसभर काका गप्प असत. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटतच नसे. पण संध्याकाळी काकू त्यांना समुद्रावर नेत, आणि परत येताना मला वेगळाच माणूस भेटे. डोळे हलत असत, ओठ हलत असत. एकदा काकू दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीला सांगत होत्या की आज ह्यांनी चक्क 'बोट' म्हटले. पुढच्या आठवड्यात 'भरती' म्हणाले. डॉक्टरांनीही सांगितले होते की जिथे शब्द येतात तिथे त्यांना नेत राहा, खंड पडू देऊ नका. घरात एक शब्द नाही आणि समुद्रापाशी दोन, असे ते गणित होते. माझ्यावर आजवर पुष्कळ ओझी वाहायची वेळ आली, पण मी एखाद्याचे शब्द आणायला खाली जाते आहे, असे मला त्याच दिवसांत वाटले. मला माझा फार अभिमान वाटायचा.

आता आमच्या इमारतीच्या चेअरमनांविषयी सांगते. ते पहिल्या मजल्यावर राहत आणि तब्येतीसाठी जिना वापरत. माझ्याशी त्यांचा संबंध एवढाच, की माझ्या भिंतीवर पाट्या लावायच्या. 'दरवाजा नीट लावावा', 'मुलांनी बटणांशी खेळू नये', 'वाळू झटकून आत यावे'. माणूस वाईट नव्हता, टापटिपीचा होता. एके दिवशी त्यांनी काकूंना तळमजल्यावर गाठले आणि अगदी गोड शब्दांत सांगितले की खुर्चीच्या चाकांना वाळू येते, लोक कुरकुर करतात, काहीतरी बघा. बाकी ते काही बोलले नाहीत. पण काकूंच्या मनाने घेतले की आज वाळूवर बोट ठेवले आहे, उद्या खुर्चीवर ठेवतील. खुर्ची न्यायला बंदी आली तर काकांचे शब्द कुठून आणायचे?

त्या दिवसापासून काकू मला धुऊ लागल्या.

रोज समुद्रावरून आल्या की काकांना घरात बसवायचे, बादली भरून आणायची, साबण घालायचा आणि माझी फरशी खराट्याने घासून वर भसाभस पाणी ओतायचे. एक दिवस खाडा नाही. मुले त्यांना बादलीकाकू म्हणू लागली आणि त्याही हसून ओ देऊ लागल्या. माझ्यावर आजवर कुणी एवढी माया केली नव्हती. मला ते फार आवडायचे, खोटे कशाला बोलू. चेअरमनांनी तर सभेत काकूंचे नाव घेऊन सांगितले की सगळ्यांनी असे वागले तर इमारत आरशासारखी राहील. काकूंना धीर आला. त्या दोन बादल्या ओतू लागल्या.

पण मित्रांनो, ओतलेले पाणी जायचे कुठे? ते चटईच्या फटीतून, कडेच्या सांध्यांतून माझ्या पोटाखाली जायचे. बरोबर वाळू जायची, आणि वाळूतले मीठ जायचे. वरून मी लख्ख दिसायचे आणि खाली ती लोखंडी चौकट चोवीस तास खाऱ्या चिखलात भिजत असायची. जबड्यांच्या सांध्यांत मीठ धरले. तळमजल्याच्याही खाली माझ्यासाठी जो खड्डा असतो, त्यात गाळ साचला. देखभालीला येणारा माणूस गच्चीवरच्या खोलीत मोटारीला तेल घाली, दोर बघे आणि सही घेऊन निघून जाई. पोटाखाली वाकून बघायला कुणाला वेळ असतो? मला स्वतःलाही माझे पोट दिसत नाही. कसलीशी जडशीळ कळ लागायची, तेवढेच कळायचे.

एका माणसाला मात्र सगळे कळत होते. काकू घराचे दार उघडे ठेवून मला धूत, आणि दारात खुर्चीत बसून काका बघत. ज्याने आयुष्यभर लोखंड आणि दोर सांभाळले, त्याला फटीतून नाहीसे होणारे पाणी दिसत नसेल का? ते डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर थापा मारत. मान हलवत. तोंडातून नुसता वारा येई. काकूंना वाटे, आपल्याला राबताना बघून ह्यांचा जीव तुटतो आहे. त्या पदराने कपाळ पुसत आणि म्हणत, "मी दमत नाही हो. तुम्ही नका मनाला लावून घेऊ." काका आणखी जोराने थापा मारत. काकू आणखी जोराने घासत. प्रेमाची दोन माणसे एकमेकांसमोर अशी झगडताना मी रोज पाहिली, आणि मध्ये मी होते.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. त्या संध्याकाळी काका दोन शब्द जोडून बोलले होते. काकू माझ्यात शिरल्या त्याच डोळे पुसत. "पुन्हा म्हणा ना," त्या म्हणाल्या, आणि काका माझ्यात, माझ्या आरशासमोर, अडखळत म्हणाले, "उद्या... परत." मी निघाले. दुसरा मजला गेला आणि पोटात कर्र झाले. गंजाने फुगलेले जबडे आपोआप रुळांवर घासू लागले होते. ज्यांनी जीव वाचवायचा तेच माझा गळा धरायला निघाले होते. तिसरा मजला मी कसाबसा ओलांडला. वर मोटार ओरडत होती. काकांनी डावा हात माझ्या भिंतीवर ठेवला. चौथ्या मजल्याच्या फरशीला फरशी लागली, दरवाजा उघडला, खुर्ची बाहेर गेली, आणि जबडे मिटले ते मिटलेच. त्यानंतर मी बोटभरही हललेली नाही.

दुसऱ्या दिवशी लिफ्टचा मिस्त्री आला. चांगला, पोक्त माणूस होता. तो खालच्या खड्ड्यात उतरला, मग तिसऱ्या मजल्यावरचा दरवाजा उघडून त्याने बॅटरीचा झोत माझ्या पोटावर टाकला. चौकटीचे पापुद्रे सुटले होते. बोट लावले तिथे लोखंडाचा भुगा पडत होता. तो चौथ्या मजल्यावर आला तेव्हा चेअरमन तिथे उभे होते, आणि मिस्त्री येणार म्हणून काकू मला नुकत्याच धुऊन बाजूला झाल्या होत्या. बादली हातातच होती. फरशीवरून पाणी अजून फटीकडे चालले होते.

"रोज धुता?" मिस्त्रीने विचारले.

"रोज," काकू म्हणाल्या. "आमच्यामुळे वाळू होते ना. मी कुणाला बोलायला जागाच ठेवत नाही."

मिस्त्रीने बादलीकडे बघितले. दारातल्या खुर्चीकडे बघितले. काका त्याच्याकडे टक लावून बघत होते. मला वाटले, आता हा सांगेल. आता सुटका होईल. चेअरमनांनी विचारले की नेमके झाले तरी काय. मिस्त्रीने बॅटरी खिशात घातली.

"खारी हवा," तो म्हणाला. "समुद्राजवळ लोखंड टिकत नाही. कुणाचा काही दोष नाही."

काकूंना किती हायसे वाटले ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले. मिस्त्रीने ते माणुसकीनेच केले. त्या बाईच्या तोंडावर, तुम्हीच मारलीत हो लिफ्ट, असे त्याला म्हणवले नाही. मलाही त्या क्षणी त्याचे बरेच वाटले. काकांनी तेवढी डाव्या हाताने एकच थाप मारली आणि मान खाली घातली.

पण एका माणसाची दया कुठवर जाऊन पोहोचते ते बघा. आठ दिवसांनी तळमजल्यावर सभा भरली. माझ्या पोकळीतून खालचे बोलणे वर सगळे ऐकू येते. चेअरमनांनी मिस्त्रीचे म्हणणे शब्दशः सांगितले. मग एकाने विचारले की नवी लिफ्ट बसवली तर ती तरी टिकेल का? समुद्र तर इथेच राहणार. हवा तर खारीच राहणार. पाणी ओतल्याने लोखंड गेले, हे कुणी सांगितले असते तर एका वाक्यात काम झाले असते. चौकट बदला, जबडे बदला, फरशी ओल्या फडक्याने पुसा आणि पाणी ओतणे बंद करा. मी आज चालत असते. पण समुद्रावर दोष गेला, आणि समुद्राची दुरुस्ती कोण करणार? खालच्या मजल्यांवरची माणसे खर्चातून सुटल्यासारखी झाली. लिफ्ट नको, असे ठरले.

काकू उठून उभ्या राहिल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज एकदम जवळ आला. "मग ह्यांना खाली कसं न्यायचं?"

"आम्ही आहोत ना काकू," चेअरमन म्हणाले. दोन-तीन जणांनीही तेच म्हटले, आणि तेव्हा ते सगळे खरेच बोलत होते.

सुरुवातीला ते आलेही. चार जण खुर्ची उचलत आणि जिन्याने खाली नेत. जिना माझ्या पोकळीला वळसे घालत जातो, त्यामुळे मला त्यांच्या प्रत्येक धापेचा आवाज ऐकू येई. पहिल्या आठवड्यात रोज नेले. मग रविवारी नेऊ लागले. मग कुणाची कंबर धरली, कुणाकडे पाहुणे आले. एका रविवारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकाचा पाय सटकला आणि खुर्ची तिरकी झाली. काका पडले नाहीत. पण त्यांनी डाव्या हाताने कठडा असा घट्ट धरला की त्यांची बोटे एकेक करून सोडवावी लागली. त्यानंतर कुणी आपणहून आले नाही आणि काकूंनी कुणाला बोलावले नाही. घर विकून दुसरीकडे जावे, तर लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचे घर घ्यायला येतो कोण? दोन-तीन जण आले, धापा टाकत वर चढले, पाणी प्यायले आणि गेले.

हळूहळू काकांचे शब्द परत जाऊ लागले. काकू दुपारी दार उघडे टाकून त्यांच्याशी बोलत बसत. "बोट म्हणा बघू. एकदाच म्हणा." आतून उत्तर येत नसे.

मला मात्र त्यांनी सोडले नव्हते. समुद्रावर जायची वेळ झाली की काका डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवत. एक दिवस काकूंना ते बघवेना. त्यांनी पायाची पट्टी काढली, खुर्ची माझ्यात आणली, जाळीचा दरवाजा लावला आणि तळमजल्याचे बटण दाबले. माझ्यात वीजसुद्धा नव्हती. मला मिस्त्रीने रुळांना पक्के जखडून ठेवले होते. काकू भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, एरवी खाली जायला जितका वेळ लागे तितका वेळ. मग त्यांनी दरवाजा उघडला आणि खुर्ची वळवून चौथ्या मजल्यावरच्याच व्हरांड्याच्या टोकाला नेली. तिथे एक झडपांची खिडकी आहे. तिच्यातून हॉटेलची मागची भिंत दिसते, पण वारा येतो, आणि सामसूम असेल तर लाटांचा आवाजही येतो.

"आलो बघा," काकू म्हणाल्या. "आज ओहोटी आहे. पाणी लांब गेलंय."

काका खिडकीकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते.

हे मग रोजचेच झाले. रोज माझ्यात यायचे, बटण दाबायचे, थांबायचे, बाहेर पडायचे. मला वाटायचे, कुठून तरी एकदा जोर यावा, एकदाच खाली जावे, मग माझे तुकडे झाले तरी चालतील. पण नुसत्या वाटण्याने दोर हलत नाही.

मध्ये एकदा तो मिस्त्री आला. माझी मोटार सोडवून दुसऱ्या इमारतीला द्यायची होती. गच्चीवरून उतरताना त्याने काकूंना खुर्ची माझ्यात घालताना पाहिले. दरवाजा लागला, बटण दाबले, दोघे आत थांबून राहिले. मिस्त्री पान्हा हातात घेऊन जिन्यावर खिळून राहिला. दरवाजा उघडला तेव्हा तो पुढे आला.

"काकू, एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांगा ना."

काकूंच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर पाहुण्याला दाखवायचे हसू होते. मिस्त्रीने तोंड उघडले. अजूनही वेळ गेली नव्हती. मोटार अजून गच्चीवरच होती.

"काही नाही," तो म्हणाला. "दरवाजात बोट सापडेल. जपून लावत जा."

तो चार माणसे घेऊन मोटार उतरवून गेला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

आणि आता शेवटचे. ती संध्याकाळही रोजच्यासारखीच होती. काकूंनी खुर्ची आत आणली, दरवाजा लावला, बटणाकडे हात नेला. तेवढ्यात काकांनी डाव्या हाताने त्यांचे मनगट धरले. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून शब्द आला नव्हता.

"उद्यापासून... नको," ते म्हणाले.

काकू गडबडून गेल्या. आधी त्यांना शब्द आल्याचा आनंद झाला आणि मग ते काय बोलले ते कळले. "का हो? समुद्र नको? कंटाळलात का?"

काकांनी मान हलवली. पुढचे शब्द यायला फार वेळ लागला. काकू वाकून त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या.

"तू... दमतेस."

मग काकूंना समजले की काकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आपण खाली जात नाही, समोर समुद्र नाही, ओहोटी नाही, सगळे ठाऊक होते, आणि आपल्याला बरे वाटावे म्हणून ते रोज आपल्याबरोबर समुद्रावर येत होते. काकू माझ्या भिंतीला टेकल्या आणि हुंदके देऊन रडल्या. काकांनी त्यांचे मनगट सोडले नाही. मी दोघांना धरून तशीच उभी राहिले. दुसरे मला काही येतच नाही.

दुसऱ्या दिवशी माझा दरवाजा उघडला नाही, आणि त्यानंतरही नाही. चेअरमनांनी जाळीला तार बांधली आणि 'बंद आहे' अशी पाटी लावली. काका त्यानंतर एकही शब्द बोललेले नाहीत. काकू कधी दुपारी दार उघडतात, माझ्याकडे बघतात आणि समुद्राला नावे ठेवून दार लावून घेतात. त्यांना अजूनही वाटते की हे सगळे समुद्राने केले.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. माझे जे व्हायचे ते होऊन गेले आहे. एवढेच सांगते की कुणावर माया करायला जाल तेव्हा त्याला काय सोसते ते आधी विचारा. ते मुके असेल तर जाणत्याला विचारा. आणि तुम्हीच जाणते असाल, तर समोरच्याचे मन मोडेल म्हणून खरे गिळून टाकू नका. मन मोडले तर माणूस चार दिवस रडून पुन्हा उभा राहतो. काकू माझ्यावर रागावल्या असत्या, स्वतःवर रागावल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी फडके पिळून फरशी पुसायला लागल्या असत्या. आता ते सांगायला कुणी उरलेले नाही. मिस्त्री येत नाही, काकांना बोलता येत नाही, आणि लिफ्टचे ऐकतो कोण?

हॉटेलाच्या मागच्या त्या इमारतीवरून तुम्ही कधी समुद्रावर निघालात, तर घटकाभर वर बघा. चौथ्या मजल्यावर दोन माणसे आहेत. त्यांना खाली यायचे आहे.